वळणापलीकडचा पाईप

कालव्याच्या कडेनं सायकल चालवून आलो, तेव्हापासून ओळखीचे लोक विचारताहेत, "कशी झाली ट्रिप?" मी म्हणतो, "छान." तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. मी कमी बोलणारा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन कुणी गप्पा मारत नाही, आणि घरीही माझ्याकडून दोन शब्दांच्या पुढं कुणी अपेक्षा ठेवत नाही. लोक म्हणतात, स्वभाव आहे. मीही तसं म्हणू दिलं. पण या दोन दिवसांत माझ्या ध्यानात आलं की तो स्वभाव कमी आणि सोय जास्त आहे, आणि ते कळल्यापासून मी हादरलेला आहे. म्हणून ही हकीकत सगळी लिहितो. वाट सुंदर आहे, जाणाऱ्यानं जरूर जावं. फक्त जिथं हे घडलं त्या गावाचं नाव सांगत नाही.

कोल्हापूर ते हुपरी

शहरातून बाहेर पडून गडमुडशिंगीच्या पुढं जाईपर्यंतचा रस्ता सायकलवाल्याचा नव्हे. समोरून कामावर येणाऱ्या मोटारसायकलींची रांग, मागून उसाचे ट्रॅक्टर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर आपल्याला ऐकवायचंच अशा जिद्दीनं लावलेलं गाणं. तो भाग सोडून देतो.

हुपरीत माझा शाळेपासूनचा मित्र भूपाल मगदूम राहतो. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. त्याच्या गल्लीत शिरलं की दर दुसऱ्या दारातून बारीक ठोकठोक ऐकू येते, आणि कुठूनतरी घुंगरांचा ढीग ओतल्यासारखा आवाज येतो. दिवसभर मान खाली घालून बसल्यानं भूपालची पाठ धरली होती, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलेलं. तो दारातच माकडटोपी घालून उभा होता. माझी जाड टायरची नवी सायकल त्यानं सगळीकडून फिरून बघितली.

"ह्याला काय म्हणत्यात?"

"ग्रॅव्हल सायकल. खडीवर, मुरमावर चालवायची."

"खडीवर पडायला एवढी भारी सायकल कशाला गड्या? आमची जुनी हाय की, ती पण पाडती."

तो जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाही. त्यामुळे आमच्या सहलीचं वेळापत्रक आम्ही नव्हे, सूर्यानं ठरवलेलं होतं. दिवस असेपर्यंत त्याच्या बहिणीच्या गावी पोचायचं, तिथं मुक्काम, आणि रविवारी त्याच वाटेनं परत.

कालवा

गाव सुटलं, एका पुलाशी डांबरी रस्ता सोडला आणि आम्ही कालव्याच्या भरावावर चढलो. आवाज बंद झाले. मला क्षणभर कान गेल्यासारखं वाटलं. तांबड्या मुरमाची वाट सरळ पुढं गेलेली, डाव्या हाताला काठोकाठ पाणी, उजवीकडं खाली शेतं. चढ नाही, उतार नाही. पायडल मारतोय हेही काही वेळानं विसरायला होतं. थंडीचे दिवस, पाण्यावरून वाफ निघत होती. एक खंड्या आमच्या पुढं पुढं उडून तारेवर बसायचा, आम्ही जवळ गेलो की पुढच्या तारेवर. कापलेल्या उसाच्या रानात पाचट पेटवलेलं, आणि त्याच्या शेजारी नव्या लागणीच्या ओल्या, काळ्या सऱ्या.

भरावावर जागोजागी काळे पाईप आडवे पडलेले होते. एक तोंड कालव्यात, दुसरं खाली शेतात. मोटार नाही, इंजिन नाही, तरी खाली पाणी धो धो पडतंय. पाईप एकदा पाण्यानं भरला की तो आपला आपण पाणी खेचत राहतो, असं भूपालनं सांगितलं. मला गंमत वाटली. मी दोन फोटो काढले.

ऊन चढल्यावर एका वस्तीपाशी पाणी मागायला थांबलो. भरावाच्या पायथ्याशी दोन घरं होती, मध्ये एक बांध. अलीकडच्या घरापुढं एक बाई हरभऱ्याचे डहाळे निवडत बसल्या होत्या. साठीच्या आसपास, कपाळ मोकळं, आवाज मात्र रानातून रानात पोचणारा.

"पाणी काय मागताय पावणं, जेवायची वेळ झाल्या. बसा की!"

भूपालनं त्यांना अक्का म्हटलं आणि आपण जैन असल्याचं सांगितलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.

"कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग तुम्ही चटणी कशाची करता? रागाची?"

भूपाल हसून हसून खोकला. अक्कांनी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दिलं, नुसती शेंगदाण्याची पूड कुटली, दही, ज्वारीची भाकरी आणि ओले हरभरे पुढ्यात ठेवले. मला मात्र त्यांची नेहमीची चटणी वाढली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. कोल्हापुरात राहून मी स्वतःला तिखट खाणारा समजत होतो.

जेवताना भूपालचा धंदा कळला आणि अक्का हात धुऊन समोरच येऊन बसल्या.

"अण्णा, मला पैंजण पायजेत. माझ्या न्हवं, पुतणीला. गुरुवारी साखरपुडा हाय तिचा. आन् घुंगरू भरपूर लावा. पोरगी त्या घरात चालली की हितं माझ्या दारात ऐकू याय पायजे."

मग बोट करून त्यांनी बांधापलीकडचं घर दाखवलं. धाकट्या दिराचं. बांध एक सरी इकडं की तिकडं, यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. दिराचं नाव तानाजी, जावेचं मंगल. अक्कांचे मालक वारले तेव्हा मंगल आली, रडली, आणि दिवस सरल्यावर पुन्हा बोलणं बंद.

"पण आज सकाळी आली बघा," अक्का म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची बाई एकदम हळू बोलायला लागली. "म्हटली, अक्का, आम्ही दोघं पोरगीला घिऊन बस्ता बांधाय चाललोय, उद्या येतोय. उसाची नवी लागण हाय, पयलं पाणी चालू हाय, पायपाकडं जरा बघशीला? म्या म्हटलं, जा बाई निवांत. एवढ्या वर्सांनी तिनं काय तर सांगिटलं बघा मला."

"कुठला पाईप?" भूपालनं विचारलं.

"ते वळान हाय न्हवं, त्याच्या पल्याड. हितनं दिसत न्हाई. मी जाऊन येतो मधनंमधनं."

हे मी ऐकलं होतं. माझ्या समोर बसून त्या बोलल्या होत्या. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढं मला 'मला काय माहीत' असं म्हणता येऊ नये.

निघालो. भूपाल पुढं गेला, मी फोटोसाठी रेंगाळलो. मग त्याला गाठायला जोरात निघालो आणि वळणापलीकडं एका ओल्या पाईपावर माझं पुढचं चाक सटकलं. धाडकन आपटलो. तळहात सोलला, नव्या सायकलीचं हँडल वाकडं. मी उठलो आणि संतापानं तो पाईप दोन्ही हातांनी धरून ओढला, वाटेच्या कडेला सारायला. कालव्यातलं तोंड बाहेर आलं, पाईपानं मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला, आणि गप्प झाला.

आवाजानं मी भानावर आलो. लोकांची वस्तू आहे, असं मनाशी म्हटलं. पाईप होता तसा आडवा टाकला, तोंड पाण्यात नीट बुडवलं, पुन्हा कुणाच्या पायात येऊन सरकू नये म्हणून वर एक धोंडाही ठेवला. हात झटकले. आपण व्यवस्थित माणूस आहोत असं वाटून थोडं बरंही वाटलं. खाली शेतात उतरून, पाणी पडतंय का हे बघावं, असं काही सुचलं नाही.

सीमेजवळचं गाव

भूपालच्या बहिणीच्या घरी आम्ही उन्हातच पोचलो. तिथली मराठी अर्धी कानडी आहे. बहीण त्याला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत होती, आणि पन्नाशीचा भूपाल तिच्यापुढं खरंच धाकटा होऊन बसला. रात्रीचं जेवण आम्ही सूर्य खिडकीत असताना जेवलो. आमच्या घरी त्या वेळी चहा होतो. उजेडात जेवणारी माणसं एकमेकांची तोंडं बघत जेवतात, हे मला नवीन होतं. आमच्याकडं सगळे टीव्हीकडं बघतात.

बहिणीनं माझ्या तळहाताला हळद लावली.

"हे कसं झालं?"

"घसरलो," मी म्हणालो.

"नवी सायकल हाय त्याची," भूपाल म्हणाला, "पडायचीच."

सगळे हसले. मला गाढ झोप लागली. ती झोप आता आठवली की घाम फुटतो.

परतीची वाट

रविवारी बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, बघून, दुपारचं जेवण आवरून निघालो. बहिणीनं भूपालला संध्याकाळचा डबा बांधून दिला होता. कालव्यावर आलो तर पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं, काठाचा चिखल उघडा.

"पाण्याची पाळी संपली," भूपाल म्हणाला. "वरनं बंद केलंय. आता पुढचं पाणी कधी सोडतील तेव्हा."

वळणापाशी कालचा पाईप बाहेर काढून भरावावर टाकलेला दिसला. खाली त्या रानात चार-पाच सऱ्यांपुरती ओल होती. पुढच्या सऱ्या कोरड्या ठाक, आणि त्यांत उसाची नवी कांडी उघडी पडल्यासारखी दिसत होती. मी पायडल मारणं थांबवलं. सायकल आपोआप थोडी पुढं गेली.

वस्तीवरचा आवाज आधीच ऐकू येत होता. बांधाच्या त्या बाजूला तानाजी आणि मंगल, या बाजूला अक्का.

"वैनी, जनावरानं वडला असता तर भायेर पडला असता!" तानाजी ओरडत होता. "तोंड पाण्यात हाय, वर धोंडा ठेवलाय, आन् आत वारं भरलंय! म्हंजे काढून परत घातलाय कुणीतर. कळू नये म्हणून! हे काय वाटसरूचं काम न्हवं."

"म्या हात लावल्याला न्हाई रे. तिन्हीसांजेला जाऊन बघिटलं. तोंड पाण्यात, वर धोंडा. म्हटलं कुणीतर नीट ठेवलंय, चालू हाय."

"आन् खाली बघिटलं न्हाईस व्हय?" मंगल म्हणाली.

"अंधार पडल्याला. गुडघं दुखत्यात माझं."

"गुडघं! पाणी बंद करायला बरं गुडघं चाललं. पोरगीचं चांगलं व्हाय लागलं, ते बघवंना तुला. चुकलं माझंच, तुला सांगिटलं."

तोंड पाण्यात घातलं होतं, वर धोंडा ठेवला होता. मी जे जे चांगलं म्हणून केलं होतं, तेच तानाजी एकेक करून पुरावा म्हणून मोजत होता. पाईप रस्त्यात तसाच फेकून गेलो असतो, तर कुणीही म्हणालं असतं, गुरानं ओढला.

आम्हाला बघून तिघंही वळले.  अक्का डोळे पुसून म्हणाल्या, "या पावणं, बसा. च्या ठेवतो." भांडणाच्या मध्यावर आत जाऊन त्यांनी खरंच चहा टाकला. भूपालनं हात जोडून नको म्हटलं. मी कप घेतला. मी तो सगळा प्यालो. बांधापलीकडून मंगल म्हणत होती, "पावण्यांना च्या पाजती बघा, आन् घरच्यांचं पाणी तोडती." माझ्या तोंडात शब्द तयार होते. मी ते चहाबरोबर गिळले, कप धुऊन ठेवला, आणि "येतो" म्हणालो. एवढंच.

डांबरी रस्त्याच्या पुलापर्यंत मी काही बोललो नाही. ऊन तिरपं झालं होतं. भूपाल कठड्यावर बसला, डबा उघडला. चपाती, डाळ, गुळाची पोळी.

"भूपाल, तो पाईप मी काढला."

त्याचा हात डब्यातच राहिला.

मी पडलो कसा, ओढला कसा, परत ठेवला कसा, सगळं सांगितलं. तो माझ्याकडं असा बघत होता, जसं मी अनोळखी भाषेत बोलतोय.

"आन् तिच्या दारात बसून च्या पिलास?"

"हो."

"लेका..." एवढंच म्हणून त्यानं सूर्याकडं बघितलं. मलाही दिसत होतं, जेवून मागं जायचं तर उशीर होणार, आणि मागं गेलं तर जेवण उद्यावर. मी म्हणालो, तू जेव, मी एकटा जातो. त्यानं डब्याचं झाकण लावलं, कडी दाबली, आणि सायकल उलटी फिरवली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. माझ्यासारख्या माणसाला कुणाच्या तरी गप्प बसण्याचा त्रास पहिल्यांदाच झाला.

अक्का उंबऱ्यात तशाच बसलेल्या होत्या. पलीकडं तानाजी पाईप गुंडाळत होता. मी बांधावर जाऊन उभा राहिलो, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा. माझा आवाज मलाच कर्कश वाटला.

"काल तो पाईप मी काढला. सायकल घसरून पडलो, रागानं ओढला. परत पाण्यात ठेवला, धोंडा ठेवला. अक्कांचा काही संबंध नाही. मघाशी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

सोललेला तळहात मी पुढं केला, साक्षीदार असल्यासारखा.

तानाजी माझ्या अंगावर येईल असं वाटलं होतं. त्यानं हातातला पाईप खाली ठेवला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "वारं शिरतंय हो त्यात. परत भराय लागतोय." शिव्यांची तयारी करून गेलेल्या माणसाला हे फार लागलं.

मंगलचा चेहरा उतरला. ती बांधाजवळ आली. "अक्का, चुकलं माझं. पावण्यानंच काढल्याला की गं. मला काय म्हाईत..."

मी वाट बघत होतो, की आता अक्का रडतील, जवळ घेतील. खरं सांगतो, मी त्यासाठीच परत आलो होतो. आपण खरं बोललो की सगळं जागेवर येतं, अशी माझी समजूत.

अक्का उठल्या. आवाज चढला नाही.

"पावण्यानं सांगिटलं, तुला लगीच पटलं व्हय गं?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं.

"हेचं नाव म्हाईत न्हाई तुला, गाव म्हाईत न्हाई. ह्यो आला, एकदा बोलला, खरं वाटलं. मी सकाळपासनं काय सांगत हुतो?"

पाचट जळल्याचा वास येत होता.  मी आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि माझ्या खरेपणानं त्या बाईला असं काही दाखवलं, जे माझ्या खोटेपणानंही दाखवलं नव्हतं.

"अक्का, तसं न्हवं..."

"ऱ्हाऊ दे. कांडी वाळत्यात." त्या तानाजीकडं वळल्या. "माझ्या इहिरीवरची मोटार चालू करतो. माझा पाईप बांधापतोर येतोय, म्होरं तुझा जोड. पावणं, धरा तिकडनं."

तोच पाईप. तानाजीनं एक टोक खांद्यावर घेतलं, मी दुसरं. आतलं उरलंसुरलं पाणी माझ्या मानेवरून पाठीत गेलं. जोड बांधायला भूपाल वाकला, चांदीची तार वळणारी त्याची बोटं रबराची पट्टी सफाईनं आवळत होती. मोटार घुरघुरली. पाईप फुगत फुगत सरळ झाला, आणि कोरड्या सरीत पाणी पडलं. आधी जमिनीनं ते सगळं पिऊन टाकलं, मग हळूहळू पुढं सरकू दिलं. अक्का स्वतः फावडं घेऊन सरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, मंगलच्या रानात.

सूर्य गेला होता. त्यांनी भूपालकडं बघितलं.

"अण्णा, तुमची येळ टळली की. जेवला न्हाईसा."

"हुंदे अक्का. सकाळी."

मंगल घरातून कप घेऊन आली. चिखल तुडवत ती थेट अक्कांपाशी गेली आणि कप पुढं केला. अक्कांनी फावडं हातातून सोडलं नाही. "पावण्याला दे," म्हणाल्या. मंगल तिथंच उभी राहिली. कप तसाच पुढं. थोड्या वेळानं ती माझ्याकडं आली. मला वाटत होतं, हा माझा नाही. पण नको म्हणायला तोंड नव्हतं. मी तो प्यालो. त्यात साखर फार होती, एखाद्याला मनवायला घालतात तशी.

आम्ही सायकली भरावावर चढवल्या. भूपाल दिवा लावता लावता थांबला, खाली वाकून विचारलं, "अक्का, ते पैंजणाचं काय करायचं?"

 मंगल बांधावर बसली होती, तिनं मान वर केली. अक्कांनी एका सरीचं तोंड बुजवलं, दुसरीचं फोडलं.

"बुधवारी आणा," त्या म्हणाल्या.

"आन् घुंगरू?"

"सांगिटलं न्हवं एकदा?" आवाज पुन्हा रानातून रानात पोचणारा झाला होता. "माझ्या दारात ऐकू याय पायजे."